सिंहगडासाठी २२ दात: क्रँकसेटचं काम कुठवर आलं

मागच्या पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटात दोनदा उतरून सायकल ढकलली. पायांना शिव्या घालण्याआधी दात मोजू म्हटलं.

सायकल २७.५ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली), ८ स्पीड. पुढे पायडलच्या क्रँकसेटवर ४२-३४-२४ दातांच्या तीन रिंगा, मागे ११ ते ३२ दातांच्या आठ चकत्या. सगळ्यात हलका गिअर २४ भागिले ३२, म्हणजे ०.७५. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक पाऊण फेरा फिरतं. माझ्या टायरचा परीघ २.१५ मीटर, म्हणजे फेऱ्याला १.६ मीटर. खड्या वळणांवर माझे मिनिटाला जेमतेम ५० फेरे होतात आणि वेग ताशी पाचच्या आत येतो. गुडघे बोलायला लागतात ते इथेच.

दुकानात पहिला सल्ला मिळाला, वन-बाय करून टाका. पुढे एकच ३२, मागे ११-४२. ऐकायला झकास. घरी येऊन भागाकार केला तर ३२/४२ = ०.७६! म्हणजे पैसे घालून चढाचा गिअर आहे त्यापेक्षा किंचित जडच. रिंगेचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्या १०४ मिमी बोल्ट सर्कलवर ३२ पेक्षा लहान रिंग सहसा बसत नाही. ३०ची खास रिंग शोधली तरी ०.७१. मागे ५० दात हवेत तर डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), शिफ्टर, कदाचित चाकाचा हबसुद्धा बदला. तीन रिंगांच्या ट्रिपल क्रँकला आतल्या बाजूला ६४ मिमीचं वेगळं सर्कल असतं आणि त्यावर २२ आरामात बसते. मागे ३४ची मोठी चकती घेतली की २२/३४ = ०.६५. फॅशन गेली खड्ड्यात, ग्रॅनी (ही सगळ्यात लहान रिंग) झिंदाबाद.

अडचण एकच. माझ्या क्रँकसेटच्या रिंगा रिव्हेट मारलेल्या, सुट्या होत नाहीत. एका मित्राच्या माळ्यावर ४४-३२-२२चा जुना चौकोनी अ‍ॅक्सलवाला क्रँकसेट पडून होता, रिंगा बोल्टच्या. चहा-क्रीमरोलवर सौदा झाला.

पहिला रविवार. जुने क्रँक काढले. डाव्या बाजूला पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) पूर्ण आत न बसवता पिळला आणि क्रँकचे आटे सोलून निघाले. क्रँक भंगारातच जायचा होता म्हणून वाचलो. पुलर हाताने शेवटपर्यंत आत जात नसेल तर थांबा, आटे साफ करा, मग पाना लावा.

नवा सेट जुन्याच बीबीवर (फ्रेममधलं क्रँकचं बेअरिंग) बसवला. २२ वरून चेन मागच्या मोठ्या दातांवर नेली तरी तिरकी दिसत होती. सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मध्यापासून मधल्या रिंगपर्यंतचं अंतर, म्हणजे चेनलाइन, मोजलं तर ५५ मिमी. पाहिजे ५० च्या आसपास. जुना अ‍ॅक्सल १२२.५ मिमीचा, या क्रँकला तो लांब पडतो. ११३चा घेतला की दोन्ही बाजूंना पावणेपाच मिमी आत. बीबी काढताना उजवा कप सुटेना. दहा मिनिटं जोर लावल्यावर आठवलं की चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, तेही काही बोलले नाहीत.

दुसरा रविवार. ११३चा बीबी बसला, चेनलाइन ५० वर आली. २२ची रिंग आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) यांच्यात ३ मिमी फट उरली. कमी आहे, पण घासत नाही.

४४ची मला गरज नाही. ती काढली तर बोल्ट लांब पडतात आणि पँट चेनमध्ये जाते, म्हणून तिचाच बॅश गार्ड (बिनदातांची संरक्षक कडी) केला. गेटं-ग्रिल बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेली. त्याने साधा ग्राइंडिंग व्हील लावला तर अ‍ॅल्युमिनियम दगडात भरून बसलं. फ्लॅप डिस्क लावल्यावर पाच मिनिटांत दात सपाट. "चांगली रिंग वाया घालवताय," असं म्हणत त्याने पैसे मात्र घेतले नाहीत.

कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ११-३४. चेनही नवी, कारण जुनी १२ इंचांत १/१६ इंच वाढली होती. आता मोठ्यात मोठी जोडी ३२-३४, म्हणून चेन आधीपेक्षा ४ कड्या आखूड कापली.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या डिरेलरने खाल्ला. त्याच्या पिंजऱ्याची वक्रता ४२ साठीची. ३२च्या जवळ खाली आणला तर शेपूट चेनस्टेला टेकतं, वर ठेवला तर २२ वरून ३२ वर चेन चढायला कुरकुरते. मधेच कुठेतरी तडजोड केली आणि बाहेरचा लिमिट स्क्रू (डिरेलर कुठवर सरकेल ते ठरवणारा) आत घेतला, नाहीतर चेन बॅश गार्डवर चढून बसते. शिफ्ट अजूनही लोण्यासारखी नाही.

तिसरा रविवार, सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून वाहनतळापर्यंत एकदाही पाय टेकला नाही. ज्या वेगाला आधी ५० फेरे पडायचे तिथे आता ५८ पडतात. वेळ फक्त सहा मिनिटांनी सुधारला, पण वर पोचल्यावर दही मागण्याइतका आवाज घशात शिल्लक होता. खड्या वळणावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं, तिथे सीटच्या टोकाशी सरकून बसावं लागतं.

तोटा उतारावर. ३२/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ३४ किमी, त्यापुढे पाय नुसतेच भिरभिरतात. खडकवासल्याच्या रस्त्यावर रोडबाइकवाले पुढे गेले. जाऊ देत.

एक काम बाकी आहे. उभं राहून पायडल मारलं की उजवीकडून टक् असा आवाज येतो. क्रँकचे बोल्ट पहिल्या राइडनंतर पुन्हा ४० न्यूटन-मीटरला आवळले, पायडल आणि सीटपोस्टला ग्रीस लावून झालं. संशय आता चेनरिंगच्या बोल्टांवर आहे, कारण ग्राइंड करताना रिंग चांगलीच तापली होती. या रविवारी ती काढून काचेवर ठेवून सपाट आहे का बघतो. कुणाला असा आवाज आला असेल तर कुठे सापडला ते सांगा.