कायसेरी: नाण्यावर बसलेला डोंगर

तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियाला निघालेली आपली मंडळी कायसेरीला विमानातून उतरतात आणि बलूनच्या ओढीने थेट गोरेमे गाठतात. मी शहरात थांबलो तो एर्जियेससाठी. 3,917 मीटर उंचीचा हा ज्वालामुखी शहराच्या दक्षिणेला उभा आहे, आणि रोमन काळात इथे पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरही तोच ठाण मांडून बसलाय.

तेव्हा शहराचं नाव सीझरिया आणि डोंगराचं आर्गायस. रोमन सम्राट टायबेरियसने इ.स. 17 मध्ये कप्पाडोकियाचं राज्य खालसा केलं, पण इथल्या टांकसाळीची नाणी रोमच्या दिनारांहून वेगळीच राहिली. अक्षरं बहुतांशी ग्रीक, वजनं द्राख्मा या ग्रीक नाण्याच्या मापाची. एका बाजूला सम्राटाचा मुखवटा, दुसरीकडे बहुतेकदा डोंगर.

किल्ल्यातल्या संग्रहालयात काचेला नाक लावून बघत राहिलो. डोंगर म्हणजे उंचवट्यांवर उंचवटे, थेट वारूळच! माथ्यावर कधी तारा, कधी हातात गोल आणि राजदंड घेतलेला देव. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळातल्या काही नाण्यांवर तर अख्खा डोंगर वेदीवर मांडलाय. म्हणजे हे निसर्गचित्र नव्हे, पूजेतली मूर्ती आहे. टायरच्या मॅक्सिमस या तत्त्वज्ञाने दुसऱ्या शतकात लिहूनच ठेवलंय, की कप्पाडोकियन लोकांना डोंगर हाच देव, हीच शपथ आणि हीच मूर्ती. ब्रह्मगिरीला फेरी घालणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रोमनांनी हा देव हलवला नाही, यात मला भक्तीपेक्षा हिशेब जास्त दिसतो. पूर्व सीमेवरच्या फौजांचे पगार बऱ्याच अंशी याच चांदीतून होत असावेत, असं अभ्यासक मानतात. ओळखीचा देव असलेलं नाणं बाजारात मुकाट्याने चालतं.

एक सूचना: गोरेमेत कुणी ‘जुनं नाणं’ पुढे केलं तर हात लावू नका. खोटं निघालं तर पैसे गेले, खरं निघालं तर पंचाईत मोठी. पुराणवस्तू तुर्कस्तानाबाहेर नेणं गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी केबल कारने डोंगरावर बऱ्यापैकी वर गेलो. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबो म्हणतो, स्वच्छ हवेत माथ्यावरून दोन्ही समुद्र दिसतात, काळा आणि इससचा, म्हणजे भूमध्य समुद्राचा ईशान्य कोपरा. हवा स्वच्छ होती, पण काळा समुद्र इथून जवळपास 300 किलोमीटर! माथ्यावर चढलो असतो तरी दिसला नसता. स्ट्राबोने मात्र ‘वर जाणारे थोडे लोक असं सांगतात’ एवढंच लिहून आपली बाजू सांभाळलीय.