'इफ आय फेल': एकविसाव्या टेकला जमलं!

बीटल्स या ब्रिटिश बँडचं 'इफ आय फेल' हे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांचं दोन आवाजांतलं गाणं मी आणि माझा मित्र रेकॉर्ड करतोय, आणि काल रात्री एकदाचं जमलं. मधल्या कडव्याच्या शेवटचा तो वरचा सूर न चिरकता लागला. मूळ गाण्याच्या स्टिरिओ मिक्समध्ये (दोन स्पीकरसाठी केलेल्या आवृत्तीत) दुसऱ्या खेपेला खुद्द पॉलचा आवाज तिथेच फाटतो, तेव्हा हा आनंद केवढा ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जॉनची ओळ माझी, पॉलची मित्राची. तीन आठवडे आम्ही आपापल्या घरी हेडफोन लावून आपापला आवाज वेगवेगळा रेकॉर्ड करत होतो. सुटे ऐकले तर दोन्ही सुरात, एकत्र लावले की निर्जीव. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) वाढवला, मित्राचं रेकॉर्डिंग मागेपुढे सरकवलं, काही फरक नाही.

खरी गोम गाण्याच्या बांधणीत आहे. सुरुवातीला जॉन एकटा गातो ते पेटीवरच्या काळी एकच्या पट्टीत, आणि दोघं मिळून गायला लागतात तेव्हा षड्ज पांढरी दोनवर आलेला असतो. मित्राला नेमकं तिथेच शिरायचंय. शिवाय पॉलची ओळ जॉनला धरून ठरावीक अंतरावर चालत नाही. मध्येच लांब जाते, परत जवळ येते. दोन्ही चालीच आहेत. समोरच्याचा श्वास दिसल्याशिवाय हे जुळणार कसं?

२७ फेब्रुवारी १९६४ ला या दोघांनी हे गाणं एकाच माइकवर गायलं, पंधरा टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) घेऊन. मग आम्हीही शनिवारी एका खोलीत, समोरासमोर बसलो. लिव्हरपूलला पॉलच्या घरी ते असेच बसायचे. पॉल डावखुरा, त्यामुळे जॉनला समोर आरसाच. सतराव्या टेकपासून आमचे श्वास एकत्र पडायला लागले. पॉलची आई १९५६ मध्ये गेली, जॉनची १९५८ मध्ये. ते एकमेकांना इतकं जपून ऐकत त्यात याचाही वाटा असावा, असं मला गाताना फार वाटलं.

माइकबद्दल: दोन स्वस्त कंडेन्सर (स्टुडिओत वापरतात तसले नाजूक माइक) घेण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी ऐकणारा एकच चांगला घ्या.

आता आवाज डबल-ट्रॅक करायचा, म्हणजे तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक लावायचा, बेत रद्द. पुढचं गाणंही बदलतोय, कारण लिहिता लिहिता सुचलं: बीटल्सचंच 'वी कॅन वर्क इट आउट'! कडवी पॉलची, मधला भाग जॉनचा, त्यातला तीनाचा ठेका बँडमधल्याच जॉर्ज हॅरिसनने सुचवलेला, आणि जॉन चक्क हार्मोनियम वाजवतो. पट्टी पुन्हा पांढरी दोन. आजोबांची पेटी माळ्यावर आहे. जॉनची पायपेटी होती, दोन्ही हात मोकळे; आमच्या पेटीला भाता मित्राने मारायचा आणि मी वाजवायचं. रविवारी खाली काढतो.