तुम्ही विचारलेत म्हणून: विवराच्या तळात का उतरू देत नाही

अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीच्या भूशास्त्रीय सहलीला माझ्याबरोबर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आहे: युबीहीबी या ज्वालामुखीय विवराच्या काठावर तासभर उभे करून थर दाखवता, मग तळात का उतरू देत नाही? राष्ट्रीय उद्यानाची तर बंदी नाही, खाली जाणारी पायवाटही दिसते. आजवर मी "वेळ पुरत नाही" एवढेच सांगत आले. ते खरे नाही.

आधी माझी बाजू मांडते. या विवरात वाचण्यासारखे जे आहे, ते काठावरूनच वाचता येते. सुमारे २,१०० वर्षांपूर्वी वर येणारा शिलारस भूजलाला भिडला. पाण्याची वाफ झाली की उघड्या हवेतसुद्धा तिला सुमारे १,७०० पट जागा लागते, आणि इथे तर ती खडकाखाली कोंडलेली होती. त्यामुळे लाव्हा वाहिला नाही. जमीनच उडाली आणि जवळजवळ ८०० मीटर रुंद, १८० मीटर खोल खड्डा उरला. समोरच्या भिंतीत जुना नारिंगी गाळाचा खडक आणि त्यावर स्फोटाने पसरलेली काळी राख व खडी यांच्यामधली रेषा काठावरून स्वच्छ दिसते. तळातून पाहताना नुसती मान दुखते. हे झाले माझे आजचे मत. सात वर्षांपूर्वी मात्र मीच सहलीच्या माहितीपत्रकात लिहिले होते की तळात उतरल्याशिवाय हे विवर कळत नाही, आणि ते लिहिणारी बाई अगदीच मूर्ख नव्हती.

त्या मार्चमध्ये आम्ही चौदा जण होतो. "दहा मिनिटांत खाली पोहोचू," असे मी म्हणाले आणि ते शब्दशः खरे ठरले, कारण त्या सुट्या खडीवर माणूस चालत नाही, घसरत जातो. पाण्याच्या बाटल्या बहुतेकांनी गाडीतच ठेवल्या होत्या. त्यांना घ्या म्हणण्याचे मला सुचले नाही. तळात वाळलेल्या चिखलाच्या खपल्या होत्या, कडा वर वळलेल्या, बोटाने दाबली की पापडासारखी मोडणारी. मी रंगात आले. २०१२ साली एका अभ्यासाने या विवराचे वय अवघे ८०० वर्षे कसे ठरवले आणि पुढच्या संशोधनाने ते पुन्हा मागे कसे ढकलले, हा वाद मी हातवारे करून सांगत होते, तेव्हा साठीतले एक गृहस्थ खाली बसले. मला वाटले, ऐकायला बसले आहेत.

चढ सुरू झाल्यावर कळले. दोन पावले वर टाकली की एक पाऊल मागे येत होते, आणि साठ मजले चढायचे होते. ते दर वीस पावलांवर थांबू लागले, मग दर पाच. चेहरा राखेसारखा झाला होता. दोघांनी वर जाऊन पाणी आणले, मी त्यांच्या मागे राहून घसरणारा बूट माझ्या बुटाने अडवत होते, आणि काठावरचा वारा आम्हाला ऐकू येत असूनही पोहोचत नव्हता. पावणेदोन तास लागले. वर आल्यावर ते गाडीशी उभे राहून सगळ्यांची माफी मागू लागले, आपल्यामुळे उशीर झाला म्हणून. "चूक माझी आहे," हे वाक्य माझ्या तोंडून त्या वेळी निघाले नाही. मी पुढच्या थांब्याची माहिती दिली.

त्यांना पुढे काही झाले नाही; दुसऱ्या दिवशी ते सर्वांबरोबर चालले. म्हणूनच तुमच्यापैकी काही जण म्हणतील की एका प्रसंगावरून सगळ्यांवर बंदी घालणे हा भित्रेपणा आहे, ज्यांना झेपेल त्यांना पाणी देऊन पाठवावे. पाठवता येईल, हे मलाही कळते. पण कोणाला झेपेल हे काठावरून मला ओळखता येते, असा माझा समज होता, आणि तोच त्या दिवशी घसरला. शिवाय मान दुखते हे कारण मी नंतर शोधले, हेही कबूल करते: तळात उभे राहिल्यावर चारही बाजूंनी वर गेलेल्या त्या भिंती जे करतात, ते काठावरून होत नाही.

गेल्या खेपेला एक विद्यार्थिनी काठावर बराच वेळ खाली पाहत उभी होती. मी नको म्हटले आणि ती मुकाट्याने गाडीत बसली. वाटेत तिने विचारले, तळात तो फिकट डाग दिसतो तो काय आहे. चिखल, मी म्हटले. मग तो हाताला कसा लागतो, हे तिने विचारले, आणि मी पुढच्या थांब्यापर्यंत तेच सांगत राहिले.