एका रकान्यात अडकलेलं डिझेल

मालव्यात सोयाबीन निघून गव्हाची पेरणी सुरू झाली, की इंदूरच्या आमच्या डेपोसमोर डिझेलच्या टँकरांची रांग लागते. गेल्या हंगामात नेमकी तेव्हाच आमची तीन हजार किलोलिटरची खेप अडकली. तो राग अजून गेलेला नाही.

पाइपलाइन दुसऱ्या कंपनीची. आम्ही तिच्यातून माल आणणाऱ्यांपैकी एक. मागणीपत्र, दर्जाचे दाखले, सगळं सुरळीत गेलं. अडलं एका रकान्यात: ‘उपलब्ध उलेज’, म्हणजे टाकीतली रिकामी जागा. मी त्या दिवशीची जागा लिहिली. फॉर्म परत, शेरा ‘जागा अपुरी’. पुन्हा डिप घेतली, म्हणजे टाकीतली पातळी मोजली, आकडा तोच, फॉर्म पुन्हा परत. फोन केला की म्हणत, ‘मेल करा’. मेलला उत्तर नाही. असे नऊ दिवस. पंपवाले मला विचारत होते, मी कुणाला विचारायचं?

शेवटी तिथल्या कंट्रोल रूममधले एक जुने ऑपरेटर फोनवर भेटले. आमच्या इंदूरच्या रामबागेतलेच निघाले. म्हणाले, “अहो, आजची जागा नको, माल पोहोचेल त्या तासाची लिहा.” लाइनमधला माल साधारण चालत्या माणसाच्या वेगानं येतो, तोवर टँकर भरून टाकीतली पातळी उतरलेली असते. रोज किती माल टँकरांतून जातो त्याचा तक्ता जोडला आणि त्याच संध्याकाळी मंजुरी आली. रकान्याखाली हे एक वाक्य छापायला काय हरकत होती?

जागेबद्दलचा त्यांचा कडकपणा मात्र मला मान्य आहे. आपण माल उतरवून घेऊ शकलो नाही, तर मागच्या सगळ्यांची लाइन थांबते. आणि जागा टाकीच्या टोकापासून नाही, सुरक्षित भरणपातळीपासून मोजा.

मी अर्धीच खेप मागितली होती, तीही नाकारली. तेही बरोबरच. पेट्रोलमागून डिझेल येतं तेव्हा मधे मिसळलेला पट्टा होतोच. खेप लहान असली तरी तो लहान होत नाही.

माल आला त्या दिवशी पहाटे साडेतीनला लाइनमधल्या मालाची घनता पेट्रोलच्या 740 (किलो प्रति घनमीटर) वरून चढू लागली. मिसळलेला माल वेगळ्या टाकीत वळवला. आकडा डिझेलच्या 830 वर स्थिरावला, तेव्हा आमचा व्हॉल्व्ह उघडला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हो, आणि तापलं की डिझेल फुगतं, म्हणून हिशेब 15 अंश सेल्सिअस तापमानावर आणूनच जुळवा. 30 अंशांवर मोजलेल्या तीन हजार किलोलिटरमध्ये त्यानं जवळपास तीन टँकरांचा फरक पडतो.