कोकणातल्या कॅमेऱ्याला काय हवं?

मेगापिक्सेल पुरे झाले. आधी बॉडीत आर्द्रता मोजणारा सेन्सर द्या. मालवण-हर्णैला पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. बॅगेत ६५च्या वर राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी जाळं विणते. आकडा स्क्रीनवर दिसला, तर बॅगेतलं ओलावा शोषणारं सिलिका जेल कधी बदलायचं ते कळेल.

दुसरं, पुढच्या काचेभोवती बारीक हीटर. बॅटरी खाईल, खाऊ दे! एसीतून थेट किनाऱ्यावर आलं की थंड काचेवर दव धरतं. सध्या उपाय एकच: खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि बाहेर अर्धा तास उघडायचा नाही.

आणि खारे तुषार उडाल्यावर ‘आधी ओलसर फडकं’ असं दटावणारी सूचना हवीच. सुकलेलं मीठ कोरडं घासलं की कोटिंगवर चरे पडतात.