उजनीच्या पाण्यावरून नेट नेताना : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसात दारामागं खिळ्याला एक आरसा टांगलेला आहे, लाल प्लास्टिकच्या फ्रेमचा, सलूनमधे मानेमागचे केस दाखवायला धरतात तसला. नवीन पोरं विचारतात सर हे कशाला, तर तेच आमचं पहिलं सर्व्हे किट. २००९ ला वायरलेस नेटचा धंदा चालू केला तेव्हा स्पेक्ट्रम ॲनालायझर सोडा, धड दुर्बीण नव्हती. पार्टनर टॉवरवर चढायचा, आरशानं उन्हाची तिरीप माझ्या दिशेला मारायचा, मी दहा-बारा किलोमीटरवर कुणाच्यातरी पाण्याच्या टाकीवर उभा, आणि लुकलुक झाली की फोन, "दिसलं रे, दिसलं!" ढग आले की सर्व्हे बंद, चहा.

पार्टनर मूळचा केबल टीव्हीवाला. सगळा तालुका त्याला भाऊ म्हणतो, मी पण. त्याला डीबी, डीबीएम ही सिग्नलची मापं कधी तोंडपाठ झाली नाहीत पण हात सोन्याचा. कनेक्टरवर रबराची टेप तो ताणून ताणून लावतो आणि नेहमी खालून वर, कौलं घालतात तशी, म्हणजे वरून आलेलं पाणी थरावरून ओघळून जातं, आत शिरत नाही. केबल रेडिओत जायच्या आधी खाली एक वळण सोडायचं, पाणी त्या वळणावरून टपकतं. आज यूट्यूब बघून काम करणारी पोरं केबल वरून थेट सरळ आत घालतात आणि मग ऑगस्टमधे आम्हाला फोन येतो. असो. ज्यांना वाटतं पावसानं सिग्नल पडतो त्यांना सांगतो, आमचे रेडिओ चालतात त्या ५.८ गिगाहर्ट्झला पावसाच्या थेंबानं फारसं काही होत नाही, ती भानगड वरच्या बँडची, दहा गिगाहर्ट्झच्या पुढची. तुमच्याकडं पाऊस पडत असतो कनेक्टरमधे.

पहिल्या चार वर्षांत आम्ही शिकलो ते एवढंच की डोळ्याला लागते ती रेघ आणि रेडिओला लागते ती काकडी. दोन डिशच्या मधे लाट रेघेसारखी जात नाही, मधोमध फुगलेल्या काकडीसारखी जाते, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. १२ किलोमीटरला ५.८ वर ही काकडी मधे साडेबारा मीटर त्रिज्येची, तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा पाहिजे म्हणजे रेघेखाली साडेसात मीटर, त्यात पृथ्वीची गोलाई दोन मीटर वर येते ती वेगळी. आरशात चमक दिसली पण मधे कुणाचं निलगिरीचं बन काकडीत घुसलं असेल तर लिंक रडतच चालणार. आणि झाडं वाढतात हो, सर्व्हेच्या दिवशीची झाडं मोजून काय उपयोग.

आता मुख्य गोष्ट. इंदापूरच्या बाजूला आमचा टॉवर, आणि पाण्याच्या पल्याड करमाळा तालुका, मधे उजनी धरणाचा फुगवटा. तिकडं केळीचा पट्टा, एक्स्पोर्टचा माल, आणि तिथले एक काका, कोल्ड स्टोरेजवाले. त्यांचा केळीचा कंटेनर आखातात जायचा आणि कागदपत्रं करायला माणूस मोटारसायकलवर टेंभुर्णीला पाठवायचे. आमच्याकडं आले आणि म्हणाले, "पाणी आडवं आहे म्हणून सगळे नाही म्हणतात, तू तरी बघ की." ॲडव्हान्स रोख दिला, पावती मागितली नाही. त्या एका लिंकच्या जिवावर आम्ही पलीकडं साठेक कनेक्शन धरली, दोन सहकारी सोसायट्या, एक शाळा, आणि रेडिओ घ्यायला पतसंस्थेचं कर्ज. लायसन आमचं नव्हतं, वरच्या आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट कंपनीचं, आम्ही फ्रँचायझी, पण टॉवर आमचा, डिश आमचं आणि शिव्याही आमच्याच वाट्याच्या.

लिंक लावली २०१३ च्या मे महिन्यात. तो दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, उजनी खोल मायनसमधे, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलेलं आणि लोक गाड्या करून बघायला येत होते. हिशेब साधा होता. त्या बँडला ४ वॅट ईआयआरपीची, म्हणजे डिशसकट बाहेर पडणाऱ्या ताकदीची, मर्यादा म्हणजे ३६ डीबीएम, त्यातले २४ डिशचे, १२ रेडिओचे. १२ किलोमीटरला हवेतच १२९ डीबी जातात, पलीकडचं डिश २४ परत देतं, म्हणजे उणे ६९ यायला पाहिजे. भाऊनं डिश इंच-इंच हलवत सेट केलं आणि स्क्रीनवर आलं उणे ६४. हिशेबापेक्षा पाच डीबी जास्त! पाच डीबी म्हणजे तिप्पट पॉवर. मी टॉवरखाली नाचलो, काकांनी पेढे आणले.

इथंच मला शंका यायला पाहिजे होती. रेडिओत फुकट काही मिळत नाही. सिग्नल हिशेबापेक्षा कमी आला तर सगळे कारण शोधतात, जास्त आला तर कोणी शोधत नाही.

जुलैत पहिला पाऊस जोरात झाला, वरच्या धरणांतून पाणी यायला लागलं आणि एका आठवड्यात लिंक उणे ८० च्या आसपास. नेट रांगायला लागलं. आम्ही काय केलं, कनेक्टर बदलला, टेप नवीन लावली, आणि तीन-चार दिवसांत सिग्नल परत ६४ वर! भाऊ म्हणाला बघ, पाणीच शिरलं होतं. पुन्हा पेढे. ऑगस्टमधे परत गेला, उणे ७९, आणि यावेळी काय वाट्टेल ते बदललं, केबल, रेडिओ, पॉवर सप्लाय, डिशचं फीड, काही फरक नाही. साठ कनेक्शनवाले रोज फोन, निम्म्यांनी पैसे थांबवले, पतसंस्थेचा हप्ता चुकला. भाऊनं स्वतःची गाडी विकली, मला सांगितलं पण नाही, चालत यायला लागला तेव्हा कळलं.

आणि नेमका त्याच काळात "तो" मैदानात उतरला. नाव घेत नाही, तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडंच दोन वर्षं क्रिम्पिंग, म्हणजे केबलला कनेक्टर दाबून बसवणं, शिकला, भाऊनं स्वतःचं क्रिम्पिंग टूल त्याला दिलं होतं, आठ तारांचा रंगक्रम हातावर पेननं लिहून दिला होता. त्यानं वेगळा टॉवर टाकला आणि गावागावात सांगत फिरला की ह्यांचं नेट पावसात मरतं. आता समजून घ्या, त्या वेळी ५.८ मधे बाहेर वापरायला आपल्याला फक्त ५८२५ ते ५८७५ मोकळं होतं, २००७ पासून. ५० मेगाहर्ट्झ. म्हणजे २० ची दोन चॅनल, संपलं. गल्ली इतकी अरुंद असताना माणसानं आपली सायकल भिंतीला टेकवून लावावी, ह्यानं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा घातला, ४० मेगाहर्ट्झचं चॅनल, चारी दिशांना फेकणारा ॲंटेना आणि पॉवर फुल्ल. आमच्या टॉवरवर आवाजाची, म्हणजे बाकीच्या रेडिओंच्या गोंगाटाची, पातळी उणे ९६ होती ती ८८ वर आली.

मी त्याच्या ऑफिसात जाऊन भांडलो. टेबल आपटलं. म्हटलं तू माझी लिंक पाडली. आज लिहिताना लाज वाटते, कारण मी चूक होतो, आणि मला शिकवणी घ्यायला पाहिजे होती: दुसऱ्याचा आवाज वाढला तर आपला सिग्नल कमी होत नाही, फक्त त्यातून ऐकू येणं कमी होतं. माझा सिग्नलच ६४ वरून ७९ वर पडला होता, ते त्याच्या बापालाही जमलं नसतं. पण आवाज त्यानं वाढवला होता हेही तितकंच खरं, ७९ चा सिग्नल आणि ८८ चा आवाज यात नऊ डीबीवर नेट काय डोंबल चालणार. आणि त्या दोन महिन्यांत त्यानं आमची बावीस गिऱ्हाइकं नेली ती परत आली नाहीत. टेबल आपटल्याची माफी मी अजून मागितलेली नाही आणि मागणार पण नाही.

कोडं सोडवलं काकांनी. रेडिओतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. सप्टेंबरात हप्त्याचे पैसे द्यायला आले, हो, नेट बंद असताना पैसे द्यायला आले, आणि चहा पिता पिता म्हणाले, "तुझं उलटंच आहे बघ, धरण भरलं की आमचं शेत हसतं आणि तुझं नेट आटतं."

मी कप खाली ठेवला. भाऊची एक वही होती, शंभर पानी, टॉवरवर चढला की तारीख आणि सिग्नल लिहायचा, ही सवय त्याला केबलच्या धंद्यापासूनची. ती वही काढली आणि शेजारी पेपरात रोज येणारी उजनीची टक्केवारी लिहीत गेलो. मायनसमधे ६४. पाणी वर आलं, ८०. अजून वर आलं, परत ६४, म्हणजे टेपनं काही झालं नव्हतं, पेढे फुकट गेले. धरण भरत आलं, ७९. रात्री दोन वाजता मी भाऊला फोन केला आणि तो म्हणाला कोण गेलं?

झालं होतं असं. लाट एक सरळ येते आणि एक पाण्यावर आपटून येते. पाणी म्हणजे आडवा ठेवलेला आरसाच. आपटून येणारीला थोडं जास्त चालावं लागतं, किती ते दोन्ही टोकांच्या उंचीचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले अंतर. धरण भरलेलं असताना गोलाई वजा जाता आमची उंची पाण्यापासून ३० मीटर आणि २० मीटर. ३० गुणिले २०, दुप्पट १२००, भागिले १२,०००, म्हणजे दहा सेंटीमीटर. त्या फ्रिक्वेन्सीची लाट पाच-सव्वापाच सेंटीमीटरची, म्हणजे जवळजवळ पूर्ण दोन लाटांचा फरक. तुम्ही म्हणाल मग तर बेरीज व्हायला पाहिजे, पण पाण्यावर इतक्या चपट्या कोनात आपटलेली लाट उलटी होऊन परतते, त्यामुळं पूर्ण लाटांना वजाबाकी आणि अर्ध्याला बेरीज. मे महिन्यात पाणी आठ मीटर खाली धरा, ३८ गुणिले २८, फरक साडेसतरा सेंटीमीटरच्या पुढं, साडेतीन लाटा, बेरीज. तेच माझे फुकटचे पाच डीबी! सहा मीटर खाली तीन लाटा, वजाबाकी, तो जुलै. तीन मीटर खाली अडीच, बेरीज, ते दुसरे पेढे. सगळं वहीशी जुळलं. मी आयुष्यात गणितात कधी ५० च्या वर गेलो नाही, त्या रात्री चार वाजेपर्यंत बसून होतो.

उपाय अजून उलटा. सगळे म्हणत होते ॲंटेना वर घ्या, आम्ही खाली घेतला. काकांच्या बाजूचं डिश २० वरून ८ मीटरवर आणलं, कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला, पत्र्याच्या खाली. एक टोक खाली आलं की लाट आपटायची जागा त्या टोकाकडं सरकते. आधी काकांपासून जवळजवळ पाच किलोमीटरवर होती, ऐन पाण्यात. आता अडीचवर आली, तिथं जमीन, केळीच्या बागा आणि बाभळी, तिथं आपटून लाटेचा भुगा होतो, परत काही येत नाही. काकडी तरी मोकळी आहे ना हे आधी मोजून घेतलं. "त्याची" माणसं रस्त्यावर उभी राहून हसत होती की ह्यांनी डिश म्हशीच्या गोठ्याच्या उंचीला लावलं. सिग्नल आला उणे ७०. पेढे नाहीत. मी भाऊला म्हटलं एक डीबी कमी आहे, फार छान. आणि ७० म्हणजे ७०, दिवाळीला ७०, शिमग्याला ७०, देऊळ बुडालं तरी ७०, उघडं पडलं तरी ७०.

पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली, कर्ज फिटलं, भाऊला गाडी घेतली. २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा झाला, ५१५० पासून, तेव्हा गल्लीचा हायवे झाला आणि भांडणंही कमी झाली. घरगुती कनेक्शन आता बहुतेक फायबरवर गेली, आम्हीच फायबर टाकतो, वायरलेस उरलं ते पॅकहाउस, कारखान्याचे कॅमेरे आणि पाण्यापल्याडची कामं. नवीन धंदा करणाऱ्यांना विचारलं नसताना सांगतो, महागडा रेडिओ नंतर घ्या, आधी शंभर पानी वही घ्या. आणि पहिल्या दिवशीचा सिग्नल हिशेबाशी जुळवा, खाली गेला तरी आणि वर गेला तरी.

काका आता ऐंशीच्या पुढं आहेत. धरणाचं पाणी वाढायला लागलं की त्यांचा मेसेज येतो, उजनी मायनस अमुक, काळजी घे. लिंकला आता काही होत नाही हे त्यांना दहादा सांगून झालंय.

आणि गेल्या वर्षी बऱ्याच वर्षांनी "त्याचा" फोन आला. आवाज एकदम गोड, कसं काय दादा, वहिनी कशा आहेत. म्हणाला पाण्यावरून एक लिंक टाकलीय, अकरा किलोमीटर, तुमच्यासारखा अनुभव कुणाला आहे, बघा बरं बरोबर आहे का. मी विचारलं सिग्नल किती आला. म्हणाला काय सांगू दादा, हिशेबापेक्षा चार डीबी जास्त.

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, मे महिन्याचं पान. मी म्हटलं, "वा, छान झालं की," आणि फोन ठेवला.