श्रावणातला रस्सा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या संगीत रंगभूमीच्या केशवरावांची जयंती, नागपंचमी, आणि मला सकाळच्या शिफ्टला विनोदी सीन. मालिकेला सुतक नसतं. एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपत आली की काय जळालं, कोण गेलं, कुणी विचारत नाही.

सीन साधा. श्रावण पाळणारी सासू चोरून तांबडा रस्सा ओरपतेय, तेवढ्यात सून येते. वाटी पदराखाली, तोंडात हरिनाम. वाटीत टोमॅटोचं सार, वर तिखटाच्या तेलाचा तवंग. असली जुगलबंदी 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर काय करायच्या! त्यांचं बघूनच मला या धंद्याचं वेड लागलं.

नाटकात हशा येतो. तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. घाई केली तर वाक्य बुडतं, रेंगाळलात तर पडतं. मालिकेत टेक चालू असताना सेटवर हूं की चूं नाही. आधी मास्टर, म्हणजे सगळा सीन एका शॉटमध्ये, मग माझा क्लोज-अप, मग सुनेचा. दरवेळी तोच विनोद नव्यानं करायचा. म्हणून हशा डोक्यात धरावा लागतो. माझा हशा कायम केशवरावच्या मागच्या रांगांतून यायचा. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं ते पॅलेस थिएटर. तिथलं पब्लिक उगाच हसत नाही, पण हसलं की मग आवरत नाही.

त्या सकाळी डोळ्यांपुढं नुसता धूर. थांबायची जागाच सापडेना. दिग्दर्शक ओरडला, "ताई, एनर्जी!" (एनर्जी म्हणजे जोरात बोलणं, अशी या लोकांची समजूत.)

शेवटी सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादाला म्हटलं, "कॅमेऱ्याच्या मागं माझ्यासमोर उभे राहा. हसू आलं तर हसा."

"अक्का, मला शिव्या पडतील की वो!"

"पडू देत."

वाटी पदराखाली गेली, तेल साडीवर सांडलं, मी "विठ्ठल, विठ्ठल" म्हटलं आणि गडी फिस्सकन हसला. साउंडवाल्यानं हेडफोन आपटले, टेक गेला. पण मला जागा मिळाली. पुढचा टेक ओके.

एपिसोड लागला तेव्हा एडिटरनं नेमकं तिथंच यंत्रातलं हसू टाकलं होतं. दादाचं त्याहून बरं होतं.